बदकाची गाडी

माझ्या नवऱ्याचा जीव कशात अडकला होता, ते आमच्या अख्ख्या पंचक्रोशीला लाउडस्पीकरवरून कळलं, आणि सांगणारी मीच होते. त्यामुळे पुढं लोक हसले तर दोष तरी कोणाला द्यायचा?

आमची पिठाची गिरण आहे. घोडेगावाहून डिंभ्याला जाताना रस्त्याला लागूनच. माझं माहेर आणे गावचं, म्हणजे जुन्नर तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाचं, पठारावरचं. तिकडं पाण्याची बोंब आणि इकडं धरण उशाला. लग्न होऊन आले तेव्हा गिरण सासऱ्यांच्या हातात होती, मग मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आली, आता माझ्या आहे. दळण तेच राहिलं, माणसंही बरीचशी तीच राहिली. लाइटीचं वेळापत्रक मात्र कधी धड राहिलं नाही.

लाइट गेली की गिरण बंद. पूर्वी अशा वेळी मालक बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायचे. ऊस, पाऊस, कोणाची पोरगी कुठं दिली, सगळं. मग आमची मुलगी मंचरला कॉलेजात गेली आणि हे तिला तासातासाला फोन करायला लागले. "जेवलीस का, एसटी मिळाली का, पाऊस आहे का तिकडं." तिनं कंटाळून यांच्या फोनमध्ये एक गेम टाकून दिला. वडिलांना कामाला लावलं म्हणा ना.

गेम म्हणजे बुटक्या-बुटक्या गाड्यांची शर्यत. कुठली गाडी बुटासारखी, कुठली किटलीसारखी, कुठली कलिंगडासारखी. आत मोठ्या डोक्याची बाहुली बसलेली. एकमेकांच्या पुढं केळ्याची सालं टाकायची, चिखल उडवायचा, आणि आपण पुढं निघायचं. जगात कुठं कुठं बसलेली पोरं त्यात आपल्याबरोबर पळतात म्हणे. पोरं, आणि आमचे मालक. खेळायच्या आधी ते अंगठा पायजम्याला पुसायचे, तरी फोन कायम पिठानं पांढरा.

या गेमात दर दोन-तीन महिन्यांनी नवा हंगाम आणि त्याची एक नवी गाडी यायची. ती आधी साखळीनं बांधलेली, वर हे एवढं कुलूप. त्या हंगामाची शेवटची, अवघड शर्यत पहिल्या नंबरानं जिंकली तरच कुलूप निघणार. हंगाम संपला की गाडी गायब, परत मिळेल याची खात्री नाही. त्या खेपेला आली होती आंघोळीच्या टबाची गाडी. पांढरा टब, त्याला चाकं, आणि पुढं पिवळ्याधमक बदकाची मान. चोच लाल.

मालकांना त्या बदकानं वेड लावलं. शर्यत पळायचे आणि दुसरे यायचे. दर वेळी दुसरे. दळण घेऊन आलेल्या माणसाला पिशवी द्यायच्या आधी सांगायचे, "परत दुसरा आलो, राव." मी आतून ओरडायचे, "अहो, त्यांच्या बाजरीत गहू पडलाय, ते बघा आधी." तर म्हणायचे, "थांब की. एवढं बदक सोडवतो आन फोन कपाटात ठेवतो." सोडवतो हा त्यांचाच शब्द. जसं काही बदकाला फौजदारानं धरून नेलं होतं आणि हे जामीन राहणार होते.

एका सकाळी चहा पिऊन गिरणीत गेले, पट्टा चढवायला वाकले आणि उठलेच नाहीत. मी कपबशी विसळत होते. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते जागच्या जागीच गेले असणार, त्रास झाला नसेल. मी त्यावर विश्वास ठेवला. दुसरं काय करणार?

आमच्याकडं दहावा म्हणजे सभाच असते. नदीकाठी शेड, खुर्च्या, माइक, महाराजांचं प्रवचन, आणि मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. एका पुढाऱ्यानं तर सांगितलं की मालकांनी गिरणीच्या माध्यमातून समाजाची सेवा केली. मालकांना हसू आवरलं नसतं. मी मागं बायकांत बसले होते, मुलगी शेजारी.

पिंड ठेवले. बाजूला भजी, चहा, सुपारी, त्यांना जे जे आवडायचं ते. सगळे लांब सरकले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. पलीकडच्या झाडावर चांगले पाच-सहा कावळे बसलेले, पण एक हलायला तयार नाही. माझे दीर पुढं झाले. हात जोडून म्हणाले, "दादा, पोरीच्या लग्नाची काळजी करू नको. मी उभा राहून लावून देतो." कावळे ढिम्म. मग त्यांनी चुलतभावाला हाताला धरून पुढं आणलं आणि दोघांनी मिळून सांगितलं की बांधाचं भांडण आजपासून मिटलं. त्यांच्या घरात ते भांडण कित्येक वर्षांचं, मला वाटलं याला तरी कावळा उडेल. नाही उडाला. मग घाटघरचे मामा उठले, माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. वयानं कान गेलेत, त्यामुळं बोलतात मोठ्यानं. "भाच्या, सूनबाईला आमी एकटं पाडणार न्हाई, शब्द हाय माझा." एक कावळा उडाला आणि लांबच्या झाडावर जाऊन बसला.

ऊन चढायला लागलं. लोक घड्याळं बघायला लागले. कोणाला मंचरला जायचं होतं, कोणाची धार राहिली होती. आणि मग बायकांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, आणि पुरुषाची इच्छा राहिली म्हणजे बायकोनं राहू दिली, असा तो साधा हिशोब असतो. माझ्या मागं एक बाई दुसरीला म्हणाली, "काय दुखावलं व्हतं कुणाला ठाव." हळूच म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतक्याच हळू.

मला अशी सणक आली म्हणून सांगू. इतकी वर्षं मी त्या माणसाबरोबर पिठात उभी राहिले. त्याला काय हवं होतं ते मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. विधी सांगणारे गुरुजी तेवढ्यात दिरांना म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून लावतो, उशीर होतोय." मी म्हणाले, "थांबा." उठले, पिंडांसमोर गेले, आणि माझ्या मते अगदी हळू आवाजात म्हणाले, "अहो, तुमची ती बदकाची गाडी मी सोडवते."

प्रवचनाचा माइक दिरांनी कोणाकडं तरी द्यायला म्हणून हातात धरला होता आणि तो चालूच होता. माझं वाक्य नदीच्या पलीकडं जाऊन परत आलं.

आणि कावळा आला. नुसता शिवला नाही, भजं घेऊन गेला. मागून आणखी दोन आले.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग एकेकाच्या लक्षात आलं की बाई काय बोलली. कोणाला तरी खोकला आला. खोकला कसला, हसू दाबलेलं होतं ते. दिरांनी माइकचं बटण शोधून बंद केलं. गाडीत बसताना मुलगी म्हणाली, "आई, मनात म्हणायचं की." मी म्हटलं, "मनातलं कावळ्याला ऐकू येत नसेल म्हणून तर सगळे मोठ्यानं बोलत होते."

मग काय, झालीच चर्चा. भेटायला येणाऱ्या बायका खुर्चीत बसायच्या, डोळ्याला पदर लावायच्या, आणि उठताना हळूच विचारायच्या, "बदकाची गाडी म्हंजी काय वं?" सांगितलं की तोंड फिरवून हसायच्या. एक तर म्हणाली, "एवढा संसार केला, सोन्यासारखी पोर दिली, आन जीव कशात, तर बदकात." मी म्हटलं, "तुमच्या मालकांचा कशात अडकतोय ते आत्ताच विचारून ठेवा. माइक आणायला बरं पडेल." ती परत आली नाही.

तोंडानं मी कोणाला ऐकून घेत नव्हते, पण आत लागत होतं. खरंच लागत होतं. लेकीच्या लग्नाचं नाव घेतलं तेव्हा कावळा आला नाही. सूनबाईला सांभाळू म्हटलं तेव्हा तर उलटा लांब गेला. आणि बदक म्हटल्याबरोबर आला. मग त्या माणसाच्या मनात मी कुठं होते? कावळ्याला भूक लागली होती, सकाळपासून समोर भजी दिसत होती, धीर सुटला म्हणून आला, हे मला कळतं. मी काही खुळी नाही. पण कळतं म्हणून टोचायचं थांबतं असं नाही. मी ठरवलं की ते बदक सोडवायचं, एकदा "घ्या तुमचं" म्हणायचं आणि या प्रकरणातून मोकळं व्हायचं.

तेराव्याला घाटघरचे मामा आले. खांद्याला गव्हाची पिशवी, पिशवीला भोक पाडलेलं, आणि भोकातून बाहेर आलेली बदकाची मान. खरं बदक, जिवंत.

"सूनबाई," मामा म्हणाले, "तू शब्द दिला व्हतास ना, बदक सोडीन म्हणून. तुला बाईमाणसाला कुठं घावणार बदक? मी जुन्नरच्या बाजारात कोंबडीवाल्या चाचांना सांगून ठेवलं व्हतं. त्यांनी कुठनं तरी आणून दिलं."

मी दिरांकडं बघितलं, दिरांनी माझ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं लाउडस्पीकरवरून 'बदक' तेवढं ऐकलं होतं, आणि 'सोडवते'चं त्यांच्या कानात 'सोडते' झालं होतं. गाडी तर ऐकूच आली नव्हती. घाटघरहून जुन्नर, तिथून नारायणगाव, मग मंचर, घोडेगाव, अशा गाड्या बदलत ते बदक मांडीवर घेऊन आले होते. दिरांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मामा, कंडक्टरनं काय म्हटलं न्हाई का?"

"म्हणला, जनावर उतरवा. मी म्हणलं, तेराव्याचं हाय. गप बसला बिचारा."

मी खरं सांगायला तोंड उघडलं तर दीर म्हणाले, "वहिनी, आता काय बोलू नका. म्हातारं एवढ्या लांबनं आलंय." मग आम्ही सगळे गेलो धरणावर. कोणीतरी बदकाला हळदीकुंकू लावलं. मामांनी हात जोडले आणि ते पाण्यात सोडलं. ते थोडं पुढं गेलं, वळलं आणि परत काठावर येऊन मामांच्या मागं चालायला लागलं. परत सोडलं, परत आलं. शेवटी तिथं जाळं धुवत बसलेल्या एका माणसानं ते उचलून होडीत घातलं आणि म्हणाला, "राहू द्या, राव, माझ्याकडं. पाण्यावरच असतो मी." मामांचं समाधान झालं. पदरानं डोळे पुसत बायका म्हणाल्या, सुटलं एकदाचं, जीव मोकळा झाला.

आणि गंमत म्हणजे त्या दिवसापासून लोकांचं हसणं बंद झालं. ज्याला हळदीकुंकू लागलं त्याला आमच्याकडं कोणी हसत नाही. उलट घोडेगावच्या बाजारात मला बायका वाट द्यायला लागल्या. मी दिलेला शब्द फिटला होता, साऱ्या गावाच्या साक्षीनं.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "झालं ना आई आता? विषय संपला."

"ते मामांचं बदक होतं," मी म्हणाले. "तुझ्या पप्पांचं अजून कुलपातच आहे."

तिनं कपाटातून त्यांचा फोन काढला, चार्जिंगला लावला आणि गेम उघडून बघितला. हंगाम येत्या रविवारी संपणार होता.

मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पहिल्या दिवशी मी गाडी उलट्या दिशेला पळवली. समोरून सगळी पोरं माझ्या अंगावर यायला लागली आणि मीच त्यांना म्हणतेय, "दिसत नाही का रे डोळ्यांनी?" मुलगी हसून हसून पिठाच्या पोत्यावर पडली. तिला हसताना बघून बरं वाटलं. मग तिनं शिकवलं. डावा अंगठा वळवायला, उजवा फेकाफेकीला. वळणावर घाई नाही करायची. कोणी मागून येऊन ठोकलं तर चिडायचं नाही. हे शेवटचं मला जमलं नाही.

लाइट गेली की मी बाहेरच्या बाकावर बसून खेळायचे. दळण घेऊन आलेली माणसं बघायची. एक जण म्हणाला, "काकू, तुमी पण?" मी म्हटलं, "पीठ हवंय का दुसरं काही?" तो पिशवी ठेवून गेला. काही दिवस मी शेवटची यायचे, मग मधे कुठंतरी यायला लागले. शनिवारी दुपारी दुसरी आले. पहिल्या गाडीच्या अगदी शेपटाला लागून. त्या दिवशी मला कळलं की मालक बाजरीत पडलेला गहू का बघत नव्हते. दुसरं येण्यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. शेवटचं आलेलं बरं.

रविवारी सकाळीच लाइट गेली. मुलगी घरी होती. पहिल्या तीन-चार शर्यतींत माझी डाळ शिजली नाही, आणि त्यानंतरच्या शर्यतीत जे झालं त्याला मी कौशल्य म्हणणार नाही. शेवटच्या फेरीपर्यंत मी पाचवी-सहावी होते. पुढं किटली आणि कलिंगड एकमेकांना ढकलत चाललेली. कोणीतरी टाकलेल्या सालीवरून किटली घसरली, ती कलिंगडावर जाऊन आदळली, मागचे दोघं त्यांच्यावर आदळले आणि मी शेजारून गेले. सरळ गेले, आणि पहिली आले. नशीब म्हणतात ते हेच.

पडद्यावर कुलूप निखळून पडलं. साखळी सरकली. टब गोल गोल फिरत पुढं आला, मागच्या बाजूनं साबणाचे फुगे सुटायला लागले आणि बदकानं मान हलवली. मी ठरवल्याप्रमाणं म्हणाले, "घ्या तुमचं."

काही झालं नाही. काय होणार होतं? गिरण बंद, रस्त्यावर कोणी नाही, बाकाखाली पीठ सांडलेलं. मला जरा खुळ्यासारखं वाटलं. एवढ्यासाठी आपण इतके दिवस डोळे फोडले. मी फोन ठेवायला लागले तर मुलगी म्हणाली, "थांब आई. पुढं काहीतरी विचारतंय."

"आता काय विचारतंय?"

"मागच्या सीटवर कोणाला बसवायचं."

मी चष्मा सारखा केला. बाकीच्या सगळ्या गाड्या एकट्याच्या. बूट काय, किटली काय, एकच बाहुली बसते. या टबात मात्र दोन सीट होत्या. पुढं मालकांची बाहुली, पांढरी टोपी, मिशी, अंगात ढगळा सदरा. आणि मागच्या सीटसाठी त्यांनी एक बाहुली आधीच तयार करून ठेवलेली होती. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी त्या माणसानं जागा धरून ठेवली होती, आणि गाडीच लागली नव्हती.

बाईची बाहुली होती. गेमात साडी मिळत नाही म्हणून तिला हिरवा कोट घातलेला. केसांचा अंबाडा. चष्मा. आणि भुवया अशा की दोन्ही नाकापाशी येऊन टेकलेल्या, खाली उतरलेल्या, समोरच्याला आता दोन शब्द सुनावणार अशा. मुलीनं बोटानं सरकवून मला दाखवलं, भुवयांचे केवढे प्रकार होते. हसऱ्या होत्या, आश्चर्य वाटल्यासारख्या होत्या, सिनेमातल्या बायकांसारख्या कोरलेल्या होत्या. पार खाली जाऊन, शोधून त्यांनी या काढल्या होत्या.

"माझ्या भुवया अशा आहेत का गं?" मी विचारलं.

मुलीनं एकदा फोनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आत्ता तर अगदी अश्शाच आहेत," ती म्हणाली.

मग ती म्हणाली, "चालवून तरी बघ." मी शर्यत सुरू केली. गाडी मालक चालवत होते असं दिसत होतं, हात त्यांचे, स्टिअरिंग त्यांचं, आणि मागं मी चष्मा लावून, रागावून बसलेली. पण अंगठा माझाच होता आणि मला समोरचं काही धड दिसत नव्हतं. पहिल्याच वळणाला आम्ही दोघं खाली पडलो. गेमनं लगेच उचलून परत रस्त्यावर ठेवलं, दोघांना, बदकासकट. मी फोन मुलीच्या हातात दिला, आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा, भर रस्त्याला बाकावर बसून, मोठ्यानं रडले.